काळजाचा तुकडा

लाडक्या लेकराला मराठीत आपण ‘काळजाचा तुकडा’ म्हणतो. आमच्या घरात उर्दू वळणाची बोली चालते. तिथं त्याच लेकराला ‘जिगर का टुकडा’ म्हणतात. कवितेत काळीज आलं की आपला हात छातीवर जातो. पण मटणाच्या दुकानात जाऊन ‘काळीज द्या’ म्हटलं, तर खाटीक हृदय देत नाही, यकृत देतो. म्हणजे कलेजी. आज मी या दुकानातल्या काळजाविषयी बोलणार आहे. आपण ते कुत्र्यांना मोठ्या मायेनं घालतो, त्याविषयी.

विषय किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. हल्ली शहरांतून घरोघर कुत्रे पाळले जातात. बाजारचा खाऊ महाग पडतो, म्हणून अनेकजण घरीच कलेजीचे तुकडे करून ठेवतात. कुत्र्याला त्या वासाचं भारी वेड. ‘बस’, ‘थांब’ शिकवताना एवढासा तुकडा हातात असला की तो निम्मं काम करतो. दुसरीकडे गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणारी माणसं आहेत. ती दुकानातून उरलंसुरलं पिशवीत घेऊन येतात आणि कोपऱ्यावर टाकतात. दोन्हीकडे प्रेम आहे. सांभाळायचं आहे ते प्रेमाच्या हातातलं भांडं.

मला कधीकधी विचारलं जातं, मुसलमानाच्या घरात कुत्र्याचं काय काम? घराच्या आत कुत्रा आम्ही सहसा ठेवत नाही, हे खरं. पण तहानेनं व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस आमच्याकडे मुलांना लहानपणीच सांगतात. दारातल्या मुक्या जिवाचा वाटा आम्ही मानतो. बकरी ईदला कुर्बानीनंतर चुलीवर पहिल्यांदा चढते ती कलेजी, कारण ती लवकर शिजते. त्या वासानं मोहल्ल्यातले सगळे कुत्रे दाराशी येऊन बसतात. आमची अम्मी त्यांच्यासाठी एका जुन्या पातेल्यात फेफडं आणि कलेजीचे कडेचे तुकडे वेगळे उकळायला ठेवायची. त्यात मीठ नाही, मसाला नाही. ‘कच्चं घातलं की खोड लागते,’ एवढंच कारण ती सांगायची. तिच्या पातेल्यामागे केवढं शहाणपण होतं, ते मला फार उशिरा वाचनातून कळलं.

ते शहाणपण असं. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात आणि फुफ्फुसात कधीकधी पाण्यानं भरलेल्या गाठी सापडतात. वैद्यकात त्यांना हायडॅटिड गाठी म्हणतात. एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीचं ते बालरूप असतं. अशी गाठ कच्ची कुत्र्याच्या पोटात गेली की आतड्यात त्या कृमी वाढतात. एकेक जेमतेम तीन ते सात मिलिमीटरचा, तांदळाच्या दाण्याएवढा. सहा-सात आठवड्यांत कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी बाहेर पडू लागतात. ती मातीत, गवतावर, भाजीवर पसरतात आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. चरताना ती शेळीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात पुन्हा गाठ धरते. असं हे चक्र फिरत राहतं.

या चक्रात माणसाचं काही काम नसतं, पण तो मध्ये सापडतो. मूल मातीत खेळतं, कुत्र्याला कवटाळतं आणि त्याच हातानं भाकरी खातं. अंडी पोटात गेली की बहुतेक वेळा गाठ धरते ती यकृतातच. म्हणजे काळजातच. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. दुखायला लागेपर्यंत कुणाला पत्ता नसतो, आणि मग पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. कुत्रा मात्र ठणठणीत दिसतो. त्याच्याकडे बघून काहीही कळत नाही.

आता आपल्या दुकानांकडे बघा. कलेजीवर पाण्याचा फोड दिसला की खाटीक तेवढा भाग कापतो आणि बाजूला फेकतो. गिऱ्हाइकाला तो देत नाही, हा त्याचा चांगुलपणा. पण फेकतो कुठं? फळीखाली बसलेल्या कुत्र्यापुढे. म्हणजे जो तुकडा कुत्र्याच्या तोंडी मुळीच जाऊ नये, नेमका तोच त्याला मिळतो. आमच्या बाजारातल्या एका तरुण खाटकाला मी एकदा म्हटलं, ‘बेटा, हे तू विकत नाहीस, मग त्यांना का घालतोस?’ तो म्हणाला, ‘चाचा, त्यांना काय होतंय?’ त्याचं म्हणणं खरंच होतं. त्यांना काही होत नाही. होतं ते आपल्या पोरांना. हे सांगितल्यावर त्यानं झाकणाचा डबा ठेवला. जत्रेत बोकड कापतात तिथं, ईदच्या दिवशी मोहल्ल्यात आणि रविवारी मटणाच्या दुकानापाशी एवढं एक झाकण पुष्कळ काम करील. फोड असलेला भाग खोल पुरावा किंवा जाळावा. उकळूनसुद्धा तो कुत्र्याला घालण्याच्या फंदात पडू नये.

कुणी म्हणेल, अशा बारीकसारीक सवयींनी काय होणार? त्यासाठी मी तुम्हाला दूर उत्तरेला आइसलँडमध्ये घेऊन जातो. एकोणिसाव्या शतकात मेंढ्या आणि मेंढपाळी कुत्र्यांच्या त्या देशात या गाठींनी माणसं बेजार झाली होती. १८६३मध्ये हारल्ड क्राबे नावाचे डॅनिश शास्त्रज्ञ तिथं गेले. त्यांनी कुत्रे तपासले, तेव्हा चारातल्या एकाहून अधिक कुत्र्यांत हा कृमी निघाला. त्यांनी सोप्या भाषेत एक लहान पुस्तिका लिहिली आणि १८६४मध्ये ती घरोघर फुकट वाटली गेली. गाठी असलेलं यकृत-फुफ्फुस कुत्र्याला घालू नका, नष्ट करा, हा तिचा गाभा. हिवाळ्याच्या लांबच लांब रात्री घरात एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी लोकर विंचरता-विणता ऐकायचं, अशी त्या देशाची रीत होती. लोकांनी ऐकलं आणि हात बदलले. पुढं कायदे झाले, कुत्र्यांना औषधं दिली गेली आणि विसाव्या शतकात हा रोग त्या देशातून हद्दपार झाला. सुरुवात झाली ती मोठ्यानं वाचलेल्या चार गोष्टींनी. म्हणून नभोवाणीवर हा विषय काढताना मला संकोच वाटत नाही.

आता कृती सांगतो. घरच्या खाऊसाठी कोंबडीची कलेजी सोयीची. चिकनच्या दुकानातून पाव किलो आणा. कुठं हिरवट डाग असेल, म्हणजे पित्ताची पिशवी फुटलेली असेल, तर तो भाग काढून टाका. धुऊन साध्या पाण्यात वीस मिनिटं चांगली उकळा. शेळीची किंवा मेंढीची असेल तर लहान तुकडे करून अर्धा तास उकळा. तुकडा मधोमध कापला तर आत कुठं लाली दिसता कामा नये. मग नखाएवढे तुकडे करून मंद आचेवर तव्यात किंवा ओव्हनमध्ये कोरडे होईपर्यंत परता. गच्चीवर उन्हात वाळवणं म्हणजे शिजवणं नव्हे. उकळणं चुकवू नका. हे तुकडे फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. जास्त केले असतील तर बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि लागतील तेवढेच काढा. कच्च्या कलेजीची पाटी-सुरी आणि आपले हात साबणानं धुवा.

मीठ, तिखट, हळद-मसाला यांतलं काही घालायचं नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही. कांदा-लसणातल्या द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याला पंडुरोग होतो. म्हणून आपल्या ताटातली मसालेदार कलेजी पाण्यानं धुऊन त्याला घालणं हा काही उपाय नाही. त्याची वेगळी काढायची ती फोडणीच्या आधी.

दुसरा प्रश्न, किती? यकृत हे ‘अ’ जीवनसत्त्वाचं कोठार आहे. शंभर ग्रॅम कोंबडीच्या कच्च्या कलेजीत ते सुमारे अकरा हजार एकक असतं, गाईगुरांच्या कलेजीत सतरा हजारांच्या आसपास. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. रोज वाटीभर कलेजी महिनोन्महिने मिळाली तर मान आखडते, सांधे धरतात, हाडांवर नको ती वाढ होते. खाऊ हा दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. कलेजीच्या बाबतीत हात आणखी आखडता घ्यावा. दहा किलोच्या कुत्र्याला नखाएवढे तीन-चार तुकडे दिवसाला पुष्कळ झाले. मधले काही दिवस तेही नकोत.

काही कुत्र्यांना तर ती देऊच नये. डाल्मेशियन जातीत युरिक आम्लाचे खडे होण्याची प्रवृत्ती असते आणि कलेजीनं ती वाढते. बेडलिंग्टन टेरियरसारख्या काही जातींत, काही लॅब्राडॉर आणि डॉबरमनमध्येही, यकृतात तांबं साठतं. त्यांना कलेजीचा खाऊ नको. गाभण कुत्री, लहान पिल्लं, यकृताचा आजार असलेला कुत्रा यांच्याबाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं. जंताचं औषध वेळच्या वेळी द्यावं. पट्टकृमीसाठी त्यात प्राझिक्वांटेल हा घटक असावा लागतो. तो आहे का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नये.

गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल एक शब्द. त्यांना खायला घालण्याच्या जागेविषयी २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत सांगितलं आहे. मुलांच्या खेळण्याची जागा, जिने, येण्याजाण्याचे दरवाजे यांपासून दूर, ठरलेल्या ठिकाणी खायला घालावं. हातातून भरवू नये. कागदावर किंवा पत्रावळीवर ठेवावं, मागे सरावं आणि नंतर जागा साफ करावी. असं केलं तर ज्यांना कुत्रे आवडत नाहीत त्या शेजाऱ्यांशी भांडणंही कमी होतात. खायला घालणाऱ्यानंच लसीकरणासाठी पाठपुरावा करावा, कारण ते कुत्रे त्याच्याच हाकेला येतात.

शिजवलेली, थोडी आणि बिनमसाल्याची, एवढे तीन शब्द लक्षात राहिले तरी खूप झालं. येत्या रविवारी दुकानात जाल तेव्हा फळीखाली काय पडतंय, ते बघा. फोडाचा तुकडा पडताना दिसला तर खाटकाला गोडीगुलाबीनं सांगा. रागावून सांगू नका, कारण बिचाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. आणि आज जे ऐकलंत, ते घरातल्या मुलांना सांगा. कुत्र्याशी खेळून आल्यावर हात धुवायला सांगाल, तेव्हा त्यामागचं कारणही सांगा. कारण कळलं की मुलं ऐकतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)