जुन्या परसबागेचा जीर्णोद्धार

उष्ण प्रदेशांतील बाग आणि थंड प्रदेशांतील बाग या दोहोंचें शास्त्र एक नव्हे. थंड प्रदेशांत माळी रोपांसाठीं ऊन शोधतो, तर विदर्भांत त्याला सावली शोधावी लागते. हा साधा भेद लक्षांत न घेतां आखलेल्या बागा पहिल्या पावसाळ्यांत हिरव्यागार दिसतात आणि पुढच्या वैशाखांत करपून जातात. म्हणून ज्यांच्या वांट्याला वडिलार्जित घरासह एखादी जुनी, दुर्लक्षित परसबाग आली असेल, त्यांनीं कुदळ हातीं घेण्यापूर्वीं थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

नागपूरचेंच उदाहरण घ्यावें. येथें मे महिन्यांत पारा वारंवार ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. २३ मे २०१३ रोजीं तर ४७.९ अंशांची नोंद झाली. वर्षाकाठीं सुमारें १,००० मिलिमीटर पाऊस पडतो खरा. पण त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो. उरलेले आठ महिने बागेला साठवणीवर काढावे लागतात. ही साठवण कोठें करावयाची, हा बागेचा मुख्य प्रश्न होय. टांकी हें त्याचें एक उत्तर आहे. परंतु घरच्या आवारांतील सर्वांत मोठी टांकी म्हणजे तेथील जमीन, आणि त्या टांकीचें झांकण म्हणजे सावली.

घर नव्यानें ताब्यांत घेणारा गृहस्थ बहुधा नेमका उलट क्रमानें कामाला लागतो. आवार स्वच्छ दिसावें म्हणून तो पश्चिमेकडील जुना कडुनिंब तोडावयास काढतो, वाळलेला पाला जाळतो, आणि चिखल नको म्हणून उघड्या जागेवर सिमेंटच्या फरश्या बसवितो. आठवड्याभरांत आवार झाडून पुसून काढल्यासारखें होतें. त्याची किंमत उन्हाळ्यांत कळते. पानांतून होणाऱ्या बाष्पीभवनानें हवेला मिळणारा गारवा नाहींसा होतो. फरश्या दिवसभर तापून ती उष्णता रात्रीं घराकडे सोडीत राहतात. आणि पावसाचें पाणी जमिनींत मुरण्याऐवजीं गटाराची वाट धरतें. निंबाचें रोप कोठेंही मिळेल. पण तीस वर्षांची सावली विकत मिळत नाहीं. शिवाय शहरांतील झाड स्वतःच्या आवारांत असलें तरी परवानगीवांचून तोडण्यास महाराष्ट्रांत १९७५ च्या कायद्यानें मनाई आहे.

म्हणून पहिलें काम निरीक्षणाचें. भर उन्हाळ्यांत दुपारीं तीन वाजतां सावली कोठवर पोहोंचते, ती जागा खुंट्या ठोकून आंखून घ्यावी. सकाळचें पूर्वेचें ऊन रोपांना मानवतें. तिसऱ्या प्रहराचें पश्चिमेचें ऊन त्यांना जाळतें. यास्तव भाजीचे वाफे आणि कोवळीं रोपें पूर्वेच्या अंगाला असावींत, आणि पश्चिमेच्या कुंपणाशीं शेवगा, अडुळसा, मेंदी अशी आडोशाची रांग असावी. मोगरा मात्र उन्हाचा भोक्ता आहे. सावलींत वाढलेला मोगरा पानांनीं माजतो आणि फुलांना महाग होतो. त्याला मोकळी जागा द्यावी, हिवाळ्याच्या अखेरीस छाटावें, म्हणजे उन्हाळ्यांत त्याच्या कळ्यांनीं परडी भरते.

दुसरें काम जमिनीचें. येथील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. तिला पडणाऱ्या भेगांतून खोलवरची ओल निघून जाते आणि बारीक मुळें तुटतात. चांगलें कुजलेलें शेणखत व पाल्याचें खत दरवर्षीं घालीत गेल्यास ही माती हळूहळू भुसभुशीत होते. त्यावर वाळक्या पाल्याचा चार बोटें जाडीचा थर पसरावा. लोक जो पाला जाळतात, तोच येथें मातीला उन्हापासून वांचवितो. हा थर खोडापासून वीतभर दूर ठेवावा, म्हणजे साल कुजत नाहीं आणि वाळवीलाही आडोसा मिळत नाहीं.

तिसरें काम पाण्याचें. रोज थोडें थोडें पाणी शिंपडल्यानें मुळें वरच्या वरच राहतात आणि एका तापलेल्या दुपारींच सुकतात. त्यापेक्षां कांहीं दिवसांच्या अंतरानें, पण खोलवर मुरेल असें पाणी संध्याकाळीं द्यावें. नव्या रोपाजवळ मातीचें कच्च्या पाझराचें मडकें गळ्यापर्यंत पुरून तें भरून ठेवणें हा उत्तम उपाय आहे. मडक्यांतून झिरपणारें पाणी मुळें लागेल तसें घेतात. ही युक्ति फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील एका चिनी कृषिग्रंथांत ती वर्णिलेली आहे. छपराच्या पाण्याचा हिशेबही करून पाहावा. ५० चौरस मीटर छपरावर १,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५०,००० लिटर पाणी. त्यांतील पांचवा हिस्सा वायां गेला, तरी ४०,००० लिटर आवारांतील शोषखड्ड्यांत मुरवितां येतें. कूलरच्या टांकींतील तळाचें पाणी मात्र झाडांना घालूं नये. सतत आटल्यामुळें त्यांत क्षार सांचलेले असतात.

जुन्या बागेंत बहुधा लिंबाचें एखादें झाड असतेंच, आणि गृहिणीचा जीवही त्यावरच अधिक असतो. पानें पिवळीं पडून खोडांतून डिंक गळूं लागला, कीं त्याला अधिक पाणी घातलें जातें, आणि तेंच त्याच्या मुळावर येतें. हा डिंक्या रोग खोडाशीं तुंबलेल्या पाण्यामुळें बळावतो. खोडाभोंवतीं मातीचा उंचवटा करून बाहेर दुसरें आळें करावें, आणि पाणी सावलीच्या कडेपाशीं द्यावें; अन्न शोषणारीं मुळें तेथेंच अधिक असतात. रोगट साल खरवडून एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणांतील बोर्डो मलम पावसाळ्यापूर्वीं व नंतर खोडाला लावावें. घरगुती झाडाला याच प्रमाणांत थोडें केलें तरी पुरतें. भर उन्हाळ्यांत मोठी छाटणी मुळींच करूं नये. उघडी पडलेली साल उन्हानें भाजते.

वर्षाचा क्रम असा ठेवावा: वैशाखांत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन उन्हांत तापूं द्यावे, मृगाच्या पावसानंतर रोपें लावावीं, आणि आश्विनांत जमीन ओली असतांनाच पाल्याचें पांघरूण घालावें. पहिल्या वर्षीं पाहुण्यांना दाखविण्याजोगें फारसें कांहीं दिसणार नाहीं, हें घरच्या मंडळींनीं आधींच मनाशीं धरावें. पुढच्या वैशाखांत, पाणी देऊन तीन-चार दिवस झाल्यावर, भर दुपारीं पाल्याचा थर बाजूला सारून मातींत बोट खुपसावें. बोटाला गार ओल लागली, तर काम नीट चाललें आहे असें समजून पाला पुन्हा जागच्या जागीं सारखा करावा.