विद्यार्थी, सैन्यविद्या आणि अधिकाऱ्याची वाट



आजच्या विषयाचे नाव ऐकून आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी निघतानाच आम्हांला अडविले. म्हणाले, "ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि पवनार, त्या जिल्ह्यात तुम्ही सैन्यविद्येवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण याच जिल्ह्यात पुलगावही आहे. तेथे सैन्याचे दारूगोळ्याचे मोठे कोठार आहे, आणि ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे आग लागून दोन अधिकारी व आगीशी झुंजणारे अनेक जण मृत्युमुखी पडले, हे येथील पुष्कळांना आठवत असेल. स्वतः गांधीजींनी १८९९ साली बोअर युद्धात जखमींना वाहून नेणारे पथक उभे केले होते, आणि १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरले होते. शस्त्र नको म्हणणाऱ्यानेही ते जवळून पाहिलेले असावे, एवढेच आमचे म्हणणे. त्यापुढचा वाद आज घालावयाचा नाही.

आज बोलावयाचे आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. पहाटे या हमरस्त्याच्या कडेने मुले धावताना दिसतात. सैन्यभरतीची तयारी चाललेली असते. उंची किती लागते, छाती किती फुगवावी लागते, हे त्यांना तोंडपाठ. मागे अशाच एका मुलाला आम्ही विचारले, "पदवीला आहेस, मग अधिकारी होण्यासाठी का खटपट करीत नाहीस?" तो म्हणाला, "थे मोठ्या लोकायच्या पोरायचं काम हाय जी." हे उत्तर आम्हांला फार दिवस बोचत राहिले आहे. शिपाई होण्यात कमीपणा मुळीच नाही. पण दुसरे दार आपले नव्हेच, असे त्या मुलाने कोणी न सांगता ठरवून टाकले होते.

हे दार एके काळी खरोखरच बंद होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ पासून, सँडहर्स्टच्या विद्यालयात हिंदी तरुणांसाठी वर्षाला अवघ्या दहा जागा ठेवण्यात आल्या. १९२० च्या कायद्यानंतर विद्यापीठांतून 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर' निघाले. त्यात कवायत होती, गणवेश होता. पण पुढे अधिकारपदाकडे नेणारी सरळ वाट नव्हती. डेहराडूनची अकादमी निघावयास १९३२ साल उजाडले, आणि पहिल्या तुकडीत चाळीस जण होते. आपल्या नागपूरचे डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उघडले, ते मुलांची तयारी शाळेपासूनच व्हावी म्हणून. स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एन.सी.सी., स्थापन झाली. मुलींचा विभाग दुसऱ्याच वर्षी निघाला.

पुढे चीनच्या आक्रमणाने सगळे हादरले आणि १९६३ साली महाविद्यालयांत एन.सी.सी. सक्तीची झाली. हेतू चांगला होता, परंतु शिकणारे एकदम वाढले, तसे शिकविणारे वाढणे शक्य नव्हते. विद्येची हजेरी झाली. १९६८ मध्ये सक्ती उठली, हे बरेच झाले असे आम्हांस वाटते. शिक्षणाच्या कामात प्राध्यापकाचा वाटा मोठा असतो. छात्रांना सांभाळणारा प्राध्यापक आधी स्वतः शिकून येतो, आणि ती शाळा आपल्या शेजारीच, कामठीला आहे. तो मनाने तयार नसेल तर शनिवारची परेड म्हणजे नंतर मिळणाऱ्या अल्पोपहाराची वाट पाहणे होय! आम्हीही ती पाहिली आहे, खोटे कशाला बोला.

पण त्याच परेडीने आम्हांला एक रात्र दिली. शिबिरात आठ जणांची तुकडी नकाशा व होकायंत्र घेऊन अंधारात एका टेकडीमागे पोहोचावयाची होती. पुढारपण आमच्याकडे. आम्ही मोठ्या ऐटीने होकायंत्र पाहत चाललो, आणि तासाभराने भलत्याच नाल्यात उतरलो. चूक काय, तर खांद्यावरची रायफल पुढे घेऊन तिच्याजवळच होकायंत्र धरले होते. लोखंडाने सुई फिरते, हे पुस्तकात वाचलेले होते. पण सात जण थकून आपल्याकडे पाहत उभे राहिले तेव्हा ते समजले. शिव्या कोणी दिल्या नाहीत. एकाने आपल्या बाटलीतले पाणी पुढे केले, ते मात्र अजून विसरलो नाही.

अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा गाभा येथे आहे. नेमबाजी ही त्यातली थोडी बाजू. सैन्यविद्या म्हणजे वाट, वेळ, पाणी, दाणागोटा आणि माणसे यांचा हिशेब. पुणे विद्यापीठात १९६३ पासून हा विषय स्वतंत्र विभागात शिकविला जातो. त्याचे एक उदाहरण कास्तकाराला चटकन पटेल. १७६० च्या हिवाळ्यात पानिपतावर भाऊसाहेबांचा तळ पडला, आणि अब्दालीने दिल्लीकडची वाट रोखली. तळात लढणारे होते तसेच बाजारबुणगे होते, यात्रेकरू होते, बायकामुले होती, हजारो जनावरे होती. १४ जानेवारी १७६१ ला लोक उपासपोटी लढावयास बाहेर पडले. शौर्य कमी नव्हते. कडबा आणि दाणा संपला होता. बैलाला वैरण नसेल तर पेरणी होत नाही, हे आपण जाणतो. तीच गोष्ट तेथे.

आता त्या मुलाच्या उत्तराकडे वळू. एन.सी.सी.चे 'सी' प्रमाणपत्र किमान 'ब' श्रेणीत मिळविलेल्या पदवीधराला पदवीत पन्नास टक्के गुण असतील, तर सैन्यातील अल्पमुदतीच्या अधिकारपदासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट निवडमंडळापुढे जाण्यासाठी अर्ज करता येतो. वयाची अट १९ ते २५ वर्षांची आहे. अर्जांची छाननी होते, जागा थोड्या असतात, हे खरे. मंडळापुढे पाच दिवस असतात. फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन गटाने अडथळा पार करावयाचा असतो, चित्र पाहून गोष्ट लिहावयाची असते, मुलाखत असते. निवड झाल्यावर शिक्षण चेन्नईच्या अकादमीत. ज्याला हा मार्ग नको, त्याला लोकसेवा आयोगाची सी.डी.एस. परीक्षा वर्षातून दोनदा आहे, आणि चेन्नईसाठी तीत गणिताचा पेपर नसतो. २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्यांपैकी चार वर्षांनंतर पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम होतात. तेव्हा पदवीला असलेल्या मुलाने दोन्ही दारे पाहून ठेवणे शहाणपणाचे.

घरच्यांनाही एक शब्द. मुलगा शिबिराला जातो म्हटले की "कापूस वेचायला कोण?" हा प्रश्न निघतो. तो खोटा नाही. परंतु एक शिबिर हुकले तर प्रमाणपत्राची परीक्षा अडते, आणि तीन वर्षांची परेड वाया जाते. शिबिराच्या तारखा आधी विचारून ठेवाव्या, म्हणजे वेचणीची सोय लावता येते.

नावनोंदणी महाविद्यालय उघडताच, पहिल्या वर्षीच करावी लागते. हिंगणघाटला किंवा वर्ध्याला प्रवेश घेताना एन.सी.सी.चे प्राध्यापक कोण, हे त्याच दिवशी विचारावे. उंची पाहतात, थोडे धावावयास लावतात. ते तर येथली मुले रोजच करतात. मुलींनीही विचारावे. चेन्नईचे दार त्यांना १९९२ पासून उघडे आहे.