पट्ट्यावाचून कबुलायत

नोकरीचा अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईलगत एखाद्या ऑनलाइन केंद्रासमोर क्षणभर थांबलात, तर दिसेल की तालुक्यातालुक्यांतून आलेली मुलेमुली रांगेत उभी आहेत, संगणकापुढील इसम नाव, जात, टक्केवारी विचारून रकाने भरीत आहे, आणि सरतेशेवटी ‘वरील अटी मला मान्य आहेत’ या ओळीपुढील चौकटीत खूण करीत आहे. ती खूण बहुधा तोच करतो. अर्जदाराने ती ओळ वाचलेलीही नसते. कागदोपत्री मात्र संमती पुरी झाली.

जुन्या महसुली कारभारात रयतेने अटी मान्य असल्याची कबुलायत लिहून द्यावी, तर रयतेच्या हाती शेत आणि सारा नमूद केलेला पट्टाही यावा, असा रिवाज होता. आजच्या उमेदवाराकडून कबुलायत तेवढी घेतली जाते. पुण्यातील कंपनीकडे गेलेला त्याचा अर्ज माणसाच्या नजरेस पडण्यापूर्वीच यंत्राने बाजूस सारला असेल, तर तो कोणत्या निकषावर, हे त्याला कोणीच कळवीत नाही.

सरकारी भरतीतही सूत्रांचा अंमल आहेच. 2023 च्या तलाठी भरतीस दहा लाखांहून अधिक अर्ज आले, परीक्षा अनेक सत्रांत झाली, आणि सत्रांच्या काठिण्यातील तफावत मिटविण्यासाठी गुणांचे सामान्यीकरण झाले. 2024 च्या जानेवारीत लागलेल्या निकालात 200 पैकी 214 गुण पाहून उमेदवार हतबुद्ध झाले. सूत्र चुकीचे होते असे मी म्हणत नाही; परंतु ज्याचा परिणाम कित्येकांना निकालाच्या दिवशीच प्रथम उमगला, त्यास त्यांनी अर्जाच्या दिवशीच समजून रुकार दिला होता, हे मला मान्य नाही.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती मुक्त, माहितीपूर्ण आणि बिनशर्त हवी. पण खूण न केल्यास अर्जच पुढे सरकत नसेल, तर ती बिनशर्त कशी? केवळ यंत्राने केलेल्या निर्णयास हरकत घेण्याचा जो हक्क युरोपीय संघाच्या कायद्याने 2018 पासून दिला आहे, तोही आपल्या या कायद्यात नाही. चौकटीखालचा मजकूर वाढवून काही साधेल असे मला वाटत नाही, कारण घरची शेती पोटाला पुरत नाही म्हणून आलेला मुलगा काहीही कबूल करील.

म्हणून भरती करणाऱ्या प्रत्येक कचेरीस आणि कंपनीस माझी विनंती आहे की, नकाराचे कारण उमेदवारास मराठीत लेखी कळवावे, आणि त्याची हरकत ऐकून निर्णय फिरविण्याचा अखत्यार असलेल्या अधिकाऱ्याचे नाव त्याच कागदावर छापावे.