रात्रपाळीचा हिशेब



येत्या 12 मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची जयंती, म्हणजेच परिचारिका दिन. त्या दिवशी रुग्णालयांत दिवे लागतील, शपथ होईल, पाहुणे सेवाभावाचे गोडवे गातील. माझं सगळं आयुष्य या पेशात आणि परिचारिका घडवण्यात गेलं. त्या कौतुकाचं मोल मला ठाऊक आहे. तरीही आज मी तुमच्यापुढे एक हिशेब मांडणार आहे.

चाळीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका, म्हणजे इथे आठ. रजेसाठी वर तीस टक्के. यातून तीन पाळ्या भरायच्या, नाइटनंतरच्या सुट्ट्या द्यायच्या, की रात्रीच्या वाट्याला फार तर दोघी येतात. त्यात एक-दोन पदं रिकामी, कुणाची बाळंतपणाची रजा, की उरली एकच. रात्री आठला तिनं वॉर्डाचा ताबा घेतला आणि सकाळी आठला दिला, तर तिच्याकडे 720 मिनिटं आहेत. माणशी अठरा. त्यातच इंजेक्शनं, सलाईन, बीपी-तापाच्या नोंदी, नवीन अ‍ॅडमिशन, रक्तपेढीला फोन आणि पानंच्या पानं लिखाण. डेंग्यूच्या दिवसांत जमिनीवरही गाद्या पडतात. मग अठराही राहत नाहीत.

या अठरा मिनिटांत पहिलं काय सुटतं? अर्धांगाचा झटका आलेल्या आजोबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं. एकटीला ते पेलत नाही. मावशी दुसऱ्या वॉर्डात गेलेली असते. बाराचं वळवणं दोनवर जातं, दोनचं राहूनच जातं. दोन-तीन रात्रींत माकडहाडापाशी लालसर चट्टा उमटतो. बोटानं दाबला तरी त्याची लाली जात नाही. ही शय्याव्रणाची सुरुवात, हे सिस्टरला पक्कं कळतं. पहिल्या वर्षी आम्ही तिला हेच शिकवलेलं असतं. घरी जाऊन ती आडवी होते तेव्हा अंग दुखत असतंच, पण झोप उडते ती त्या चट्ट्यानं. काय करायला हवं हे माहीत आहे आणि व्यवस्था ते करू देत नाही, या अवस्थेवर अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये परिचर्येच्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात नेमकं बोट ठेवलं. माझ्या मते परिचारिकांचं मन जास्त पोखरतं ते इथे. केलेल्या कामापेक्षा राहून गेलेलं काम माणसाला अधिक थकवतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली, तीत तीन गोष्टी आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. यातली दुसरी गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. तुम्ही म्हणता, ‘सिस्टर खेकसतात’. पूर्वी ‘आजोबा, जेवलात का’ विचारणारी मुलगी ‘अकरा नंबरचं सलाईन संपलं’ एवढंच बोलू लागते. मी त्या खेकसण्याचं समर्थन करत नाही. पण ते बर्नआउटचं लक्षण आहे, हे नातेवाइकांनी आणि त्याहून जास्त वरिष्ठांनी ओळखायला हवं.

हा दोष एकेकीच्या स्वभावाचा नाही, याचा भक्कम पुरावा आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत तीस दिवसांच्या आत मृत्यू येण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि परिचारिकेच्या बर्नआउटची 23 टक्क्यांनी. तिचं थकणं आणि तुमच्या माणसाचा जीव एकाच आकड्याला बांधलेले आहेत. कॅलिफोर्नियानं तर 1999 मध्येच प्रमाणाचा कायदा केला आणि 2004 पासून तो अंमलात आणला.

आपल्याकडे कौतुक उदंड होतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी, तिथेच तळघरात हल्ला झालेल्या आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना 1973 पासून 2015 पर्यंत सांभाळलं. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळूनही त्यांना एकही शय्याव्रण झाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं गेलं. मघाचा चट्टा आठवला, तर ही केवढी गोष्ट आहे हे कळेल. देशानं त्या सेवेला हात जोडले, ते योग्यच. पण ड्यूटी संपल्यावर अरुणा यांना कपडे बदलायला तळघरात का जावं लागत होतं, हा प्रश्न तेवढ्या मोठ्या आवाजात कुणी विचारला नाही. कोविडमध्ये थाळ्या वाजल्या. लाट ओसरल्यावर कितीतरी कंत्राटी सिस्टर घरी बसल्या.

आता उपाय म्हणून तणावमुक्तीची शिबिरं भरतात. नाइट करून आलेल्या मुलीला सकाळी दहाला प्राणायामासाठी बसवून ठेवतात! तिला झोपू द्या. रिकामी पदं भरा, रजेचे राखीव तीस टक्के खरोखर राखीव ठेवा, सलग नाइट लावताना घरी तान्हं मूल कुणाला आहे ते पाहा, आतून कडी लागेल अशी खोली द्या. वॉर्डात लहान मूल दगावलं, तर त्या रात्री जी ड्यूटीवर होती तिच्याजवळ इन्चार्ज सिस्टरनं दहा मिनिटं बसावं. आणि उपचार लागलेच, तर ते तिला बाहेर मिळू द्या. रोजच्या सहकाऱ्यांदेखत मानसोपचाराच्या ओपीडीचा केसपेपर काढायला कुणीही धजत नाही. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तो ड्यूटी रूमच्या भिंतीवर लागलेला असावा.

या सभागृहात रुग्ण कल्याण समितीचे सदस्य असतील, नगरसेवक असतील. पुढच्या बैठकीत विचारा, रात्री एका वॉर्डला किती सिस्टर असतात? ‘मंजूर पदं इतकी’ असं उत्तर मिळेल. तेवढ्यावर बसू नका. काल रात्रीचं ड्यूटी रजिस्टर मागवा.