रुग्णाचा चौथा गुण



चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, ९व्या अध्यायात, रुग्णाचे ४ गुण सांगितले आहेत : स्मृती, वैद्याच्या आज्ञेचे पालन, निर्भयता आणि आपल्या व्याधीची हकीकत यथार्थ निवेदन करणे. आपल्या समाजातील कित्येक प्रौढ स्त्रीपुरुष डॉक्टरांच्या गोळ्यांच्या जोडीला काढे, चूर्णे, रसही घेतात. त्यात गैर नाही. गैर आहे ते लपविणे.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असता कारल्याचा रस घेतल्यास रक्तातील साखर फाजील उतरू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ व पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, शरीरातील पोटॅशियम घटते. ज्या वनस्पतीच्या अंगी गुण, तिच्या अंगी अपाय करण्याचेही सामर्थ्य असावयाचेच.

डॉक्टर रागावतील म्हणून मनुष्य बोलत नाही. म्हणजे तिसरा गुण नसेल, तर चौथा संभवत नाही. म्हणून घरचे औषधही डॉक्टरांस निःसंकोच सांगावे, आणि वैद्यांस डॉक्टरांच्या गोळ्या दाखवाव्यात. मठातील तीर्थ-अंगारा श्रद्धेने अवश्य घ्यावा. परंतु त्याच्या भरवशावर चालू औषध बंद करू नये. श्रद्धेने मनास धीर येतो. देहाची चिकित्सा करणाऱ्यास मात्र सत्यच कळले पाहिजे.