जनावरांचे सांधे आणि माणसाचे हात

श्रावण सरत आला, म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील वडनेर गांवीं एका सायंकाळीं औतें सुटतात तीं दुसऱ्या दिवशीं पुन्हा जुंपण्यासाठीं नव्हेत. ती पोळ्याची पूर्वसंध्या असते. बैल धुऊन गोठ्याशीं आणतात, त्यांच्या मानेवर लोणी व हळद चोळतात, आणि पळसाच्या पानांनीं ती जागा हलक्या हातानें शेकतात. या विधीस विदर्भांत खांदशेकणी म्हणतात. उद्यांच्या जेवणाचें आमंत्रणहि बैलास याच वेळीं देण्यांत येतें. हिंगणघाट तालुक्यांतलें हें गांव नागपूर-हैदराबाद सडकेवरचें. भोंवतालची जमीन काळी, आणि कापूस हें मुख्य पीक. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या पुष्कळ कमी झाल्या. तरी कपाशीच्या ओळींतून डवरा फिरवावयाचा असतो तेव्हां बैलावांचून अनेकांचें अजूनहि अडतें. ज्या खांद्याच्या बळावर तो डवरा ओढला जातो, त्याची वर्षांतून एकदां तरी हातानें विचारपूस व्हावी, असा या रीतीचा अर्थ दिसतो.

श्रोत्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं बैल नसेल; कुत्रें किंवा मांजर असेल. मुंबई-पुण्याकडे आतां अशा पाळीव प्राण्यांसाठीं फिजिओथेरपी, ऑस्टिओपथी असे शब्द कानीं पडूं लागले आहेत. या परदेशी नांवांनीं दबून जाण्याचें कारण नाहीं, आणि हें सारें आपल्याकडे पूर्वींच होतें अशी फुशारकी मारण्याचेंहि नाहीं. शालिहोत्राच्या नांवावर अश्वशास्त्र आहे, पालकाप्याच्या नांवावर गजशास्त्र आहे, घोड्यांच्या वैद्यास सालोत्री म्हणण्याची चाल त्या शालिहोत्रावरूनच पडली, हें खरें. पण ग्रंथांत विद्या असणें वेगळें, आणि गोठ्यांत लंगडणाऱ्या बैलाच्या वांट्याला ती येणें वेगळें.

ज्याला शेतकरी बैलाचा खांदा म्हणतो तो वस्तुतः मानेचा वरचा भाग होय. जूं वशिंडाच्या पुढें मानेवर बसतें. खरा खांदा त्याच्या खालीं, दोन्ही बाजूंस आहे, आणि त्याची रचना माणसाच्या खांद्याहून निराळी आहे. माणसाचा हात गळपट्टीच्या हाडानें छातीशीं सांधलेला असतो. बैलाला तें हाडच नाहीं; घोड्यालाहि नाहीं, आणि कुत्र्यांत त्याचा नुसता अवशेष राहिला आहे. पुढचे दोन पाय धडाला केवळ स्नायूंनीं बांधलेले असतात. दोन खांबांमध्यें झोळी टांगावी तसें सारें धड या स्नायूंत टांगलेलें असतें, आणि उभ्या जनावराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार या पुढच्या पायांवर पडतो. म्हणून पुढल्या पायाचें दुखणें पुष्कळदां हाडाचें नसून मांसाचें निघतें. आणि मांसापर्यंत हात पोंचतो.

वर्धा जिल्ह्याचा म्हणून प्रसिद्ध असलेला गवळाऊ बैल पांढरा, सडसडीत आणि चालीला चपळ. अशा हलक्या बांध्याच्या जनावराला जड, खडबडीत, पावसानें भिजलेलें जूं लावलें, कीं मानेवरचें कातडें घासटतें, खालचें मांस चेंगरतें आणि खांदेसूज येते. पावसाळ्यांत ती अधिक दिसते, कारण ओलें कातडें लवकर सोलतें. जोडींतला एक बैल उंच व दुसरा ठेंगणा असला, तर भार एकाच मानेवर येतो. सूज नवी, गरम आणि ठणकती असतांना पहिले एक-दोन दिवस तिच्यावर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्या; शेक तेव्हां देऊं नये. ऊन ओसरल्यावर मग कोमट शेक, आणि हलकें मर्दन, तेंहि कातडें फुटलेलें नसेल तर. शेकानें त्या जागीं रक्ताचा ओघ वाढतो, ताठलेला स्नायु सैल होतो. मात्र या सर्वांपेक्षां मोठें औषध म्हणजे जूं उतरवणें. तेंच शेतकऱ्याला सर्वांत महाग पडतें. डवरणीचे दिवस हातचे गेले तर तण कोणासाठीं थांबत नाहीं.

डागण्याची चाल टिकून राहिली ती या महागाईपायींच. बैल लंगडूं लागला, कीं तापलेल्या लोखंडानें त्याच्या खांद्यावर किंवा मांडीवर फुली मारावयाची. डाग दिल्यावर बैल बरा झालेला पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलेला असतो, म्हणून वाद घालून उपयोग होत नाहीं. पण नीट पाहिलें तर दिसेल, कीं डागलेल्या बैलाला कोणी लगेच जुंपत नाहीं. जखम भरेपर्यंत तो उभा राहतो, आणि तेवढ्या अवधींत साधी मुरगळ आपोआप उतरते. गुण विश्रांतीचा येतो, नांव डागाचें होतें. तेवढीच विश्रांति न भाजतां दिली असती तर कातडेंहि वांचलें असतें, आणि जखमेंत किडे पडण्याचें भयहि टळलें असतें.

विश्रांतीनें किंवा मर्दनानें न हटणारें लंगडणेंहि असतें. कांहीं बैलांचा मागचा पाय चालतांना एकाएकीं ताठ होतो, मागें ओढला जातो, आणि झटका देऊन सुटतो. बैलाच्या पुढल्या पायांत ज्याला लोक गुडघा म्हणतात तें खरें म्हणजे त्याचें मनगट होय. गुडघा मागच्या पायांत, वर पोटाजवळ असतो. त्या गुडघ्याची वाटी वर सरकून अडकली, म्हणजे हा झटका येतो. पशुवैद्य ती जागा बधिर करून आंतल्या बाजूचा एक बंध छेदतो, आणि बहुतेक जनावरें लागलींच नीट पाऊल टाकूं लागतात. येथें तेल चोळीत बसणें किंवा डाग देणें म्हणजे जनावराला निष्कारण छळणें होय.

हात लावण्यापूर्वीं ओळखावयास हवीं अशीं दुखणीं याहून भयंकर आहेत. धडधाकट तरुण वासरूं एकाएकीं एका पायानें लंगडतें, अंगांत ताप असतो, मांडीवर सूज येते, आणि ती दाबली असतां बोटांखालीं चरचर असा आवाज होतो. हा फऱ्या, खेड्यांत याला एकटांग्याहि म्हणतात. हें मुरगळणें नव्हे. एक-दोन दिवसांत जनावर दगावतें, आणि शेकण्यांत घालवलेली घटका ही उपचाराच्या हातून गेलेली घटका असते. पावसाळ्यापूर्वीं लस टोंचून घेणें हाच त्यावरचा खात्रीचा मार्ग. तोंडाला लाळ व खुरांत फोड असतील तर तें लाळ्या-खुरकूत. कुत्र्याचे पाय एकाएकीं लुळे पडले, जबडा लोंबूं लागला, गिळतां येईनासें झालें, तर पिसाळण्याच्या रोगाचा संशय आधीं घ्यावा. अशा कुत्र्याचे पाय दयेपोटीं चोळणारा माणूस स्वतःचा जीव धोक्यांत घालतो.

आतां ज्या ठिकाणीं माणसाच्या हातांवर खरोखर प्राण अवलंबून असतो तो प्रसंग पाहूं. भरपूर दूध देणारी, दोन-तीन वेतें झालेली गाय विते. आणि एक-दोन दिवसांत बसते ती उठत नाहीं. मान वांकडी करून डोकें कुशीकडे वळवते, कान थंड लागतात. या रोगाचें नांव दुग्धज्वर, पण ज्वर त्यांत नसतो. अंग उलट गार पडतें. नांव ठेवणाऱ्यानें हात लावून पाहिला नसावा! दुधाबरोबर रक्तांतील कॅल्शियम एकदम उतरतें आणि स्नायूंची शक्ति जाते. पशुवैद्यानें शिरेंतून सावकाश कॅल्शियम दिलें, कीं पुष्कळ गाई घटकाभरांत उभ्या राहतात. पण वैद्य येईपर्यंत सहा-आठ तास गेलेले असले, तर कॅल्शियम मिळूनहि कांहीं गाई उठत नाहींत, आणि घरची माणसें औषधाला दोष देतात.

तीन-चारशें किलो वजनाचें जनावर एकाच कुशीवर पडून राहिलें, म्हणजे खालचा मागचा पाय त्याच्याच वजनाखालीं चेंगरतो. त्यांतलें रक्त थांबतें, स्नायु सुजतो, मज्जातंतु दबतात. मूळ रोग बरा होतो; पाय मात्र निकामी झालेला असतो. म्हणून गाय बसली, कीं वैद्याला निरोप धाडावा आणि त्याच वेळीं घरच्यांनीं कामास लागावें. फरशीवर किंवा दगडी जमिनीवर असेल तर खालीं कडब्याचा किंवा वाळूचा जाड थर करावा. ती आडवी पडूं देऊं नये, कारण पोट फुगतें. गवतानें भरलेलीं पोतीं दोन्ही बाजूंस लावून छातीवर बसती ठेवावी. दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, तिची कूस बदलावी आणि खालून निघालेला पाय हातानें चोळून, सांध्यांत वांकवून पुन्हा सरळ करावा. तोंडांत पाणी किंवा काढा ओतूं नये. गिळण्याची शक्ति कमी झालेली असते, तें फुप्फुसांत जातें. चार माणसें व एक दोर यांपलीकडे याला साधन लागत नाहीं. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत याच कामाला फिजिओथेरपी म्हणतात, आणि तेथेंहि तें हातांनींच करावें लागतें.

ऑस्टिओपथीची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेंतील डॉक्टर अँड्र्यू टेलर स्टिल यांचीं तीन मुलें १८६४ सालीं मेंदूच्या आवरणाच्या रोगानें वारलीं. त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला, आणि हाडें, सांधे व स्नायु हातांनीं जुळते केले म्हणजे शरीर आपलें आपण सुधारतें, असें मत त्यांनीं १८७४ मध्यें मांडलें. १८९२ सालीं कर्क्सव्हिल येथें विद्यालयहि काढलें. पुढें हा हस्तोपचार घोड्याकुत्र्यांपर्यंत गेला. फिजिओथेरपी ब्रिटनमध्यें १८९४ सालीं चार परिचारिकांनीं काढलेल्या मर्दनसंस्थेंतून संघटित झाली. ताठरलेली पाठ सैल करणें, दुखरी जागा बोटांनीं हुडकणें येथपर्यंत ऑस्टिओपथीवाल्याचा हात उपयोगी पडत असेल. परंतु एखादें हाड किंचित् सरकल्यामुळें पोटाचे वा फुप्फुसांचे रोग होतात, असा दावा कोणी करूं लागला तर तो मानूं नये. जनावरांवरील अशा हस्तोपचारांचे प्रयोग अलीकडे, २०२१ च्या सुमारास, एकत्र तपासले गेले, तेव्हां पुरावा थोडा आणि असमान प्रतीचा आढळला. आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८८६ सालीं आणि नागपुरास १९५८ सालीं पशुवैद्यक महाविद्यालयें निघालीं. आणि १९८४ च्या कायद्यानें पशुवैद्यकीचा व्यवसाय नोंदणी झालेल्या पशुवैद्यापुरता राखला आहे. तेव्हां रोग ठरवावयाचा तो पशुवैद्यानें. मर्दन व व्यायाम त्याच्या सांगण्यावरून.

घरच्या कुत्र्याच्या सांध्यांचे वैरी बहुधा घरांतच असतात. पहिला वैरी गुळगुळीत फरशी. म्हातारा कुत्रा तीवरून उठतांना त्याचे मागचे पाय फांकतात, आणि आधींच झिजलेला खुबा अधिक झिजतो. त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर जुनी सतरंजी घट्ट बसवली आणि नखें वेळेवर कापलीं, तर पुष्कळ काम होतें. दुसरा वैरी लाड. अमेरिकेंत ४८ लॅब्राडोर कुत्र्यांच्या जोड्या लावून जोडींतील एकाला दुसऱ्यापेक्षां पावपट कमी अन्न जन्मभर देण्यांत आलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत कमी खाणारीं कुत्रीं सरासरीनें १३ वर्षें जगलीं, पोटभर खाणारीं ११ वर्षांच्या थोडें वर. आणि संधिवाताचा उपचारहि पहिल्यांना उशिरां लागला. येथें चोळण्याचा किंवा विजेच्या यंत्राचा कांहीं संबंध नव्हता. वाटी तेवढी लहान होती. पोळीचा तुकडा पुढें केल्यावर शेपटी हलते हें खरें, पण खुब्याची तक्रार तिला सांगतां येत नाहीं. डाशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला उचलतांना एक हात छातीखालीं व एक मागच्या पायांखालीं द्यावा. नुसतें पुढून उचलल्यास पाठीच्या मणक्यांवर ताण येतो.

बैलाच्या बाबतींत ही वाटी म्हणजे बंडीवरचें ओझें. १९६५ च्या नियमांप्रमाणें ओढीच्या जनावराला दिवसांत ९ तासांहून अधिक जुंपतां येत नाहीं, सलग ५ तासांपेक्षां अधिक काम घेतां येत नाहीं, आणि जेथें उष्णतामान ३७ अंशांवर जातें तेथें दुपारीं १२ ते ३ पर्यंत त्याला कामास लावतां येत नाहीं. वर्धेकडच्या उन्हाळ्यांत पारा त्याहून कितीतरी वर चढतो. हे नियम सडकेवर किती पाळले जातात तें सडकेवर पाहावें. ओझें मोजण्याइतकेंच तें रचणेंहि महत्त्वाचें असतें. बंडी पुढें जड झाली तर सारा भार मानेवर उतरतो. मागें जड झाली तर जूं वर उचललें जाऊन गळ्याखालचा पट्टा बैलाचा श्वास कोंडतो. कापसाचे गांठोडे चढवून झाल्यावर, बैल जुंपण्यापूर्वीं, गाडीवानानें जूं एका हातानें उचलून पाहावें. तें सहज उचललें जावें, पण सोडल्यावर आपण होऊन वर जाऊं नये. मग तोच हात बैलाच्या मानेवरून फिरवावा. एखाद्या जागीं बोट लागतांच कातडें थरथरलें, किंवा बैलानें मान काढून घेतली, तर त्या दिवशीं बंडी दुसऱ्याच्या जोडीला द्यावी. आणि वैद्याकडे जातांना जागा कोणती, किती दिवसांपासून, आणि त्यावर आधीं काय लावलें, तें सारें सांगावें, डाग दिला असल्यास तोहि लपवूं नये.