सुट्टीचा वार आणि घरची पंगत



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी तत्त्वज्ञानावर आणि वाङ्मयावर बोलून जातात. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीत झालेले. तेव्हा आम्ही भाकरीवरच बोलणार, हे आपण धरूनच आला असाल. मात्र आजचा विषय भाकरी मिळवण्याचा नाही, ती एकत्र बसून खाण्याचा आहे. आठवड्यातून एकदा तरी घरातली सगळी माणसे एका पंगतीला बसावीत, ती बसवायची कशी, एवढाच प्रश्न.

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत आम्ही तीस वर्षे कामगारांच्या घरी जातो-येतो आहोत. पगारवाढ झालेली घरे पाहिली, नवी भांडी-फ्रीज आलेली पाहिली. पण सगळे घर एकदम जेवायला बसलेले मोजक्याच ठिकाणी दिसले. कुणाचे ताट ओट्यावर झाकून ठेवलेले, कुणी उभ्या-उभ्या दोन घास खाऊन लोकल गाठायला निघालेला.

आठवड्याची सुट्टी आभाळातून पडलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरवून जी मागणी केली, तिच्यात आठवड्याला एक दिवस सुट्टी हे पहिले कलम होते. रविवार हा खंडोबाचा वार, असेही ते सांगत. मालकांना धर्म समजतो, भूक समजत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन कामगार बायांनी उभे राहून भाषणे केली. त्याच वर्षी १० जूनला रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या दोन बायांना सुट्टीचा दिवस कशासाठी हवा होता, ते आम्हांला कुणी सांगायला नको. धुणे होते, दळण होते, आणि मुले होती.

पुढे गिरणगावात रविवारी भोंगा गप्प असे, म्हणून चाळीतली सगळी माणसे एकाच दिवशी मोकळी असत. पंगत ठरवावी लागत नसे, ती आपोआप बसे. १९४८ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टी पक्की केली. दुकानांच्या त्याच सालच्या कायद्यामुळे दुकानेही आठवड्यातून एक दिवस बंद राहत. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान वर्षाचे सर्व दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. कामगाराला सुट्टी आहे, पण पाळीपाळीने. सुट्टी गेली नाही हो, सुट्टीचा सामाईक वार गेला!

मुलुंडच्या एका घराचा हिशेब सांगतो. बाप अंधेरीला पहारेकरी, सकाळी आठ ते रात्री आठ, सुट्टी सोमवारी. मुलगा सीप्झच्या बाजूला रातपाळीला, त्याची सुट्टी शनिवार-रविवार. सून घाटकोपरच्या मॉलमध्ये कापडाच्या दुकानी; रविवारी गिऱ्हाईक फार, म्हणून तिला बुधवार. मुलगी रुग्णालयात परिचारिका, तिची पाळी दर आठवड्याला बदलते. चार माणसे, चार वेळापत्रके. पाचवी आई; तिला एकही सुट्टी नाही.

या घराने काय केले? ड्यूटीचे तक्ते हल्ली मोबाइलवर येतात. ते रविवारी रात्री भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटींत उतरवून घ्यायचे: सकाळपाळीला ‘स’, दुपारपाळीला ‘दु’, रातपाळीला ‘रा’. मग ज्या वेळी पाचही जण घरात सापडतील तिथे गोल काढायचा. बहुधा शनिवारची रात्र साडेनऊ निघते. सुनेला त्या दिवशी मैत्रिणीशी बोलून सकाळची पाळी घ्यावी लागते. मुलीची रातपाळी असेल त्या आठवड्यात रात्रीचा नाद सोडून सोमवारी सकाळी अकराची पंगत. मुलगी कामावरून आलेली असते, सून दुपारपाळीला निघायची असते. सोमवारी मासळी चालत नाही म्हणून बापाची कुरकुर होते, पण ती वरणभातावर भागते. रविवारी रात्रीच जेवले पाहिजे असा हट्ट धरला असता, तर हे घर अजून वाटच पाहत बसले असते.

वार ठरला म्हणजे काम संपले, असे पुरुषांना वाटते. मटकीची उसळ शनिवारी रात्री हवी तर मटकी गुरुवारी रात्री भिजली पाहिजे, शुक्रवारी सकाळी निथळून फडक्यात बांधली पाहिजे. तेव्हा कुठे शनिवारी बोटभर मोड दिसतात. या घरात भिजत घालते सून, कारण ती शेवटी येते. बांधतो बाप, कारण तो पहाटे उठतो. नारळ खवायचे काम रातपाळीवाल्याचे, दुपारी झोप झाल्यावर. वाटण मात्र आईच करते. त्या बाबतीत तिचा कुणावर विश्वास नाही, आणि मुलाने एकदा केलेले वाटण खाल्ल्यावर आम्हीही तिच्याच बाजूचे झालो.

यावर कुणी म्हणेल, बाईला स्वयंपाकाची हौस असते. असेल. गिरणगावात हौस नसलेल्याही पुष्कळ बायांनी खाणावळी चालवल्या, डझनावारी माणसांना जेवू घातले; १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. आणि खाणावळीतसुद्धा रविवारी दुपारी गोडाचे जेवण आणि रात्री चूल बंद, ही पद्धत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. पैसे मोजून जेवणारा गिऱ्हाईक ती मुकाट्याने पाळतो! घरात मात्र सगळ्यांच्या सुट्टीचा दिवस तोच आईच्या जादा कामाचा दिवस, आणि त्याला दुप्पट दर नाही. म्हणून मुलुंडच्या घराने एक कलम घातले: पंगतीची भांडी मुलगा आणि बाप घासणार, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई ओट्याशी येणार नाही. डबे ज्याचे त्याने भरायचे.

हे सगळे घरापुरते झाले. पण तक्ता लावणारा घरात बसत नाही. एका दुकानाच्या करारात आम्ही मागणी घातली की प्रत्येक कामगाराला महिन्यातून एक तरी रविवार मिळावा. व्यवस्थापक हसले, म्हणाले, “आता जेवणाची पंगतही करारात लिहायची का?” आम्ही म्हटले, लिहा, आमची हरकत नाही. तीन बैठका त्यावर गेल्या. शेवटी रविवार मिळाला, पण पाळीने, आणि दिवाळीचे दोन महिने वगळून. ते दोन महिने पुढच्या कराराच्या मागण्यांत आम्ही पहिल्या पानावर घातले आहेत.